नहपानाच्या नाकावर सातकर्णीचा ठसा



१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नव्हे, १३,००० च्या वर! सगळी नहपान या क्षहरात क्षत्रपाची. जेमतेम दोनेक ग्रॅमचं नाणं. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, आणि राजाचं नाव ब्राह्मी आणि खरोष्ठीत.

आता नाशकात ग्रीक वाचणारे असे कितीसे असणार? गंमत म्हणजे त्या अक्षरांत ग्रीक भाषा नाहीच, राजाचं प्राकृत नावच ग्रीक लिपीत लिहिलंय. बऱ्याच नाण्यांवर तर साचा कोरणाऱ्याने ती नुसती नक्षीसारखी उतरवलीत. पण यामागे हिशोब होता. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक ग्रंथात नोंद आहे की भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या जुन्या यवन राजांची नाणी अजून चालतात. चेहरा आणि ती वाकडी अक्षरं दिसली की गिऱ्हाईक निश्चिंत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतो :-)

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, बलश्रीचा, लेख आहे. लेकाने क्षहरातांचा वंश निखालस संपवला, असं ती माउली अभिमानाने सांगते. त्याच्या प्रदेशांच्या यादीत 'असिक' येतं, म्हणजे ऋषिक. वा. वि. मिराशींच्या मते हाच आपला खानदेश. (अमळनेरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

पण शत्रूची नाणी त्याने वितळवली नाहीत. जोगळटेंभीच्या ९,००० हून जास्त नाण्यांवर त्याने आपली चिन्हं वरून ठोकली: एकीकडे तीन कमानींचा चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. चक्क ओव्हरराइट! माझ्या मते यात घाई होती आणि व्यवहारही. चांदी चोख, वजन लोकांच्या हातात बसलेलं, मग भट्टी कशाला पेटवा?

खरी मजा पुढेच आहे. सातवाहनांच्या आधीच्या नाण्यांवर हत्ती वगैरे असायचे. आता गौतमीपुत्राने, मग पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांनी चांदीची नाणी पाडली ती क्षत्रपांच्या धाटणीची, स्वतःचा चेहरा असलेली. ग्रीक गेली, ब्राह्मी आली, चेहरा राहिला. बल्गेरियाच्या इव्हान आसेन दुसऱ्याचंही तेच. १२३० मध्ये त्याने थेसालोनिकीच्या बायझंटाईन शासकाला हरवलं, आणि सोन्याचं नाणं पाडलं तेही बायझंटाईन वळणाचंच, संत दिमित्री राजाला मुकुट घालतोय असं.

जोगळटेंभीच्या त्या नाण्यांचे फोटो मिळाले तर झूम करून बघा. ठसा नीट बसला नाही तिथे चैत्याच्या कडेने नहपानाचं नाक अजून डोकावतं.