स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे: अर्थ, अधिकार आणि कोल्हापूरचा अनुभव

कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघाले की वाटेत महापालिकेची हद्द संपते. ती नेमकी कुठे संपली, हे सहसा लक्षात येत नाही. घरांची रांग तुटत नाही, दुकाने तशीच असतात, केएमटीची बसही पुढे जातच राहते. पण हद्दीपलीकडच्या घराची घरपट्टी महापालिका नव्हे, ग्रामपंचायत वसूल करते. पाणी वेगळ्या योजनेतून येते. बांधकामाच्या परवानगीसाठी वेगळ्या कार्यालयाचा जिना चढावा लागतो, आणि मतही वेगळ्या सभागृहासाठी द्यावे लागते. हा सगळा फरक पडतो तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांमुळे.

हे कायदे म्हणजे नेमके काय?

गाव, तालुका, जिल्हा किंवा शहर यांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या संस्था कशा स्थापन व्हाव्यात, त्यांनी कोणती कामे करावीत, कर कोणते घ्यावेत आणि चुकल्या तर त्यांना कोणी आवरावे, हे ठरवणारे कायदे म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार हा विषय राज्यसूचीत येतो. त्यामुळे हे कायदे विधिमंडळ करते, महापालिका किंवा ग्रामपंचायत नव्हे. नावात ‘स्वराज्य’ असले तरी या संस्थांचे अधिकार दुसऱ्याने लिहून दिलेले असतात. त्यांच्याबाबतचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात मुख्य कायदे चार. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी १९६१ चा अधिनियम, नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा आणि महापालिकांसाठी १९४९ चा. मुंबईला स्वतःचा वेगळा, १८८८ चा कायदा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हे चारही कायदे एकाच वेळी लागू असलेले दिसतात. पन्हाळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम तीन हजार होती, तरी तिथे नगरपरिषद आहे. त्याहून कितीतरी मोठी गावे ग्रामपंचायतीखाली आहेत. चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेली हुपरी ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत गेली. इचलकरंजीची नगरपरिषद २०२२ मध्ये महापालिका झाली. केवळ डोकी मोजून संस्था ठरत नाही. अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघाली, यावर ते ठरते.

नगरपालिकेपासून महापालिकेपर्यंत

कोल्हापुरात नगरपालिका १८५४ मध्येच आली. तेव्हा कोल्हापूर स्वतंत्र संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम हा कायदा झाला. पुढे त्याचे नाव ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ असे बदलण्यात आले. १५ डिसेंबर १९७२ रोजी कोल्हापूरची महापालिका झाली आणि शहराचा कारभार या कायद्याखाली आला.

या कायद्यात सत्ता एका हाती दिलेली नाही. धोरण आणि अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेकडे, खर्चाच्या मंजुऱ्या सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे आणि अंमलबजावणी आयुक्ताकडे असते. आयुक्ताची नेमणूक मात्र राज्य सरकार करते. महापौराला मान मोठा असतो, प्रशासकीय अधिकार थोडे. खड्डा बुजला नाही म्हणून लोक महापौराला धरतात, पण सही आयुक्ताची लागते, हे फार जणांना माहीत नसते.

कामांचेही दोन भाग केले आहेत. पाणीपुरवठा, मैला व कचऱ्याची विल्हेवाट, रस्ते, दिवाबत्ती, स्मशानभूमी, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक कामे आहेत आणि कलम ६३ मध्ये ती दिली आहेत. नाट्यगृह, बागा यांसारखी कामे कलम ६६ खाली ऐच्छिक आहेत. पैसा अपुरा असेल तर आधी काय करायचे, याचे उत्तर कायद्यातच आहे. सांडपाणी प्रक्रियेविना पंचगंगेत जाते तेव्हा प्रश्न केवळ पर्यावरणप्रेमाचा राहत नाही, बंधनकारक कर्तव्याचा होतो.

पैशाच्या बाबतीत संस्थांचे हात बांधलेले आहेत. पूर्वी महापालिकांची मोठी मिळकत जकातीची होती. तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर नुकसानभरपाईची रक्कम राज्याकडून येऊ लागली. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर.

ठराव, उपविधी आणि राज्याचा वरचा हात

‘सभेत ठराव झाला म्हणजे कायदा झाला’ हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. ठराव म्हणजे संस्थेचा निर्णय. नागरिकांवर बंधनकारक आणि मोडल्यास दंड करता येईल असा नियम हवा असेल तर उपविधी करावे लागतात. महापालिकेच्या उपविधींना राज्य सरकारची मंजुरी लागते. शिवाय कायद्याशी विसंगत किंवा लोकहिताला बाधक वाटणारा ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली रोखू शकते.

ठरावाची ताकद आणि मर्यादा दोन्ही हेरवाडमध्ये दिसल्या. शिरोळ तालुक्यातील या गावाने मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे २०२२ रोजी ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे सुचवले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला तेव्हा ते संस्थानाचे राजे होते. कायदा करणे त्यांच्या हातात होते. ग्रामपंचायतीला गुन्हा ठरवण्याचा किंवा शिक्षा देण्याचा तसा अधिकार नाही. हेरवाडचा ठराव पाळला गेला तर तो गावाच्या मान्यतेमुळे. तरीही एका छोट्या गावाचा निर्णय तेरा दिवसांच्या आत मंत्रालयाच्या परिपत्रकात पोचला, ही कमी गोष्ट नव्हे.

हद्द कोण ठरवतो?

कोल्हापूरकरांना सर्वांत जिव्हाळ्याचा आणि सर्वांत चिघळलेला प्रश्न हद्दवाढीचा आहे. महापालिका होऊन अर्धशतक उलटले तरी शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटरवरच अडकून राहिले. २०११ मध्ये त्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक राहत होते. उचगाव, पाचगाव, कळंबा, गांधीनगर ही गावे शहराला चिकटली आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर आहेत, म्हणजे तिथला मालमत्ता करही महापालिकेला मिळत नाही.

शहराचे म्हणणे असे की रस्ते, दवाखाने आणि बस सगळ्यांनी वापरायची, खर्च मात्र आम्ही करायचा. गावांचे म्हणणे असे की घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील, ग्रामपंचायत जाईल, आणि जी महापालिका आपल्या उपनगरांना नीट सुविधा देत नाही ती आम्हाला काय देणार? दोन्ही म्हणणी खोटी नाहीत, म्हणूनच हा वाद इतका टिकला.

कायद्यात मात्र निर्णय दोघांच्याही हातात नाही. कलम ३ नुसार महापालिकेशी विचारविनिमय करून राज्य सरकार हद्द बदलू शकते. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ग्रामसभेचा विरोधाचा ठराव राजकीयदृष्ट्या वजनदार असतो, पण सरकारवर बंधनकारक नसतो. २०१७ मध्ये सरकारने मधला मार्ग काढला: ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. त्याने ग्रामपंचायती तशाच राहिल्या आणि नियोजन व बांधकाम परवानगीचे काम प्राधिकरणाकडे गेले. परिणामी काही गावांत लोकांनी निवडलेली संस्था एक आणि घराचा नकाशा मंजूर करणारी संस्था दुसरी, अशी स्थिती झाली.

सभागृहच नसेल तर?

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तेव्हापासून या संस्थांना घटनेचे संरक्षण आहे. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, महिला व मागास घटकांना आरक्षण हे आता विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलेले नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे कलम २४३-यू सांगते.

प्रत्यक्षात कोल्हापूर महापालिकेच्या ८१ नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आला. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणावरील मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग प्रभागरचनेचे वाद. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या पाच वर्षांहून अधिक काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडेच होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. एका पूर्ण मुदतीएवढा काळ शहराला नगरसेवक नव्हते. घटनेतील तरतूद स्पष्ट असूनही हे घडले.

याआधी २०१८ मध्येही सभागृह हादरले होते. राखीव जागेवर निवडून आल्यावर सहा महिन्यांत जात वैधता प्रमाणपत्र न दिल्यास पद आपोआप जाते, ही मुदत बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. कोल्हापुरात दीड डझनाहून अधिक नगरसेवकांची पदे एकदम धोक्यात आली. मग सरकारने कायदा बदलून मुदत बारा महिने केली.

नागरिकाच्या हातात काय?

ग्रामसभेची तरतूद कायद्यात आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि मतदारयादीत नाव असलेली कोणीही व्यक्ती तिथे खर्चाचा हिशेब विचारू शकते. शहरात तीन लाखांवर लोकसंख्या असेल तर प्रभाग समित्या घटनेनेच सांगितल्या आहेत, आणि क्षेत्र सभेची तरतूदही महापालिका कायद्यात नंतर घातली गेली. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. त्यामुळे उचगावचा शेतकरी सरपंचाला भर सभेत प्रश्न विचारतो, आणि राजारामपुरीतल्या रहिवाशाला तोच प्रश्न तक्रार अर्जात किंवा माहितीच्या अधिकारात लिहून द्यावा लागतो. हद्दवाढीच्या वादात घरपट्टीची चर्चा बरीच होते, या फरकाची फारशी होत नाही.