तीन पटांवर एकच डाव

1955 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची पात्रता स्पर्धा सुरू होती. चौदाव्या फेरीत अर्जेंटिनाचे तिघं काळी मोहरी घेऊन सोव्हिएत संघाच्या तिघांसमोर बसले. मिगेल नायडॉर्फसमोर पॉल केरेस, हर्मन पिल्निकसमोर बोरिस स्पास्की आणि विशीतल्या ऑस्कर पान्नोसमोर एफिम गेलर.

तिघांनीही सिसिलियन बचाव निवडला, तोही नायडॉर्फ पद्धतीचा. या पद्धतीत पाचव्या चालीला काळा वजिराच्या बाजूच्या हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवतो. चाल दिसते रिकामटेकडी. पण तिच्यामुळे शेजारच्या पट्टीतल्या एका घरात पांढऱ्याच्या उंटाला-घोड्याला सहज बसता येत नाही.

ज्याच्या नावाची ही पद्धत, तो नायडॉर्फ मूळचा पोलंडचा ज्यू. 1939 च्या ऑलिंपियाडसाठी ब्यूनोस आयर्सला आला, इकडे महायुद्ध पेटलं आणि तो तिथेच राहिला. मागे राहिलेली बायको, मूल, आईवडील नाझींच्या संहारात गेले. असा माणूस हाडाचा बचाववाला असेल असं वाटतं, पण तो आक्रमणातच रमायचा.

त्या दिवशी अर्जेंटिनाची तयारी सामायिक होती. नवव्या चालीला राजाच्या बाजूचं प्यादं दोन घरं पुढे, थेट अंगावर. अकराव्या चालीला पांढऱ्याने घोडा बळी दिला. इथवर तिन्ही पटांवर हुबेहूब तेच. मग तेराव्या चालीला गेलरने उंट नेमका त्या राखलेल्या घरात नेऊन ठेवला! प्याद्याने तो मारावा, तर पांढऱ्याचा किल्लेकोट होतो आणि त्याच चालीत हत्तीचा शह बसतो. उरलेल्या दोन पटांवरही उंट तिथेच आला. तिघंही हरले. बुद्धिबळाच्या इतिहासात याला ‘अर्जेंटिनाची शोकांतिका’ म्हणतात.

आज मोबाइलवरचं इंजिन उत्तर क्षणात दाखवतं. तेव्हा ते पटावर दिसायला तीन वर्षं गेली. 1958, युगोस्लाव्हियातलं पोर्तोरोझ, तशीच पात्रता स्पर्धा, शेवटची फेरी. ग्लिगोरिचने तोच उंट त्याच घरात ठेवला. समोर पंधरा वर्षांचा बॉबी फिशर. त्याने कोपऱ्यातला हत्ती एकच घर पुढे घेतला. राजाशेजारच्या ज्या घरात मात होणार होती, तिथे आता राखण बसली. डाव बरोबरीत सुटला आणि फिशर पुढच्या टप्प्यात गेला.