कर्जत-खालापूरची वई

‘कुंपणच शेत खातें’ ही म्हण आपण बहुधा लांचखाऊ अधिकाऱ्यास उद्देशून वापरतों. परंतु म्हणींतलें कुंपण हें मुळांत खरोखरीचें कुंपण आहे आणि त्यालाहि इतिहास आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तह व लढाया यांचा वृत्तांत लिहून ठेवणारे पुष्कळ असतात. बांधावरील काटेरी झुडुपांची बखर लिहिण्यास कोण बसतो? तथापि उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे कर्जत व खालापूर या तालुक्यांत, शेतकऱ्यानें जी वई राखली, तिच्या आधारानें या म्हणीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

इंग्रजी काव्य वाचलेल्या मनुष्यास कुंपण म्हटलें कीं रानगुलाब आठवतो. आपल्या या खोऱ्यांत रानगुलाब स्वभावतः उगवत नाहीं. सह्याद्रीच्या रांगेंत तो पाहावयाचा तर दूर दक्षिणेस निलगिरी-पळणीच्या डोंगरांत जावें लागतें; ‘गुलाब’ हा शब्ददेखील आपण फारसींतून घेतला. परंतु जें काम तिकडे रानगुलाब करतो तेंच आपल्याकडे करवंदी करते. तसेच काटे, तशींच पांढरीं सुवासिक फुलें, आणि शेवटीं खाण्याजोगें फळ. उपमेंत तिला स्थान मिळालें नाहीं, एवढाच काय तो भेद.

करवंदीची वई लावणें हें उतावळ्याचें काम नव्हे. पिकल्या फळांचें बीं फार काळ टिकत नाहीं. म्हणून तें ताजें असतांच धुऊन, पहिल्या पावसाच्या सुमारास बांधालगत चर खणून पेरावें लागतें. रोपें हात-दीड हातावर राखावीं. पहिलीं दोन-तीन वर्षें बाहेरून वाळल्या काट्यांची वई घालून तीं गुरांपासून जपावीं लागतात. जो पुढें राखण करणार त्याचीच आधीं राखण करावी लागते! नंतर दरवर्षीं फळें उतरल्यावर शेंडे छाटावे. नाहींतर झुडूप वर पसरतें आणि बुडाशीं भोकें पडून वासरें आंत शिरतात. एकदां ती दाट झाली म्हणजे शंभर इंचांहून अधिक पडणाऱ्या पावसांत तिचीं मुळें बांधाची माती धरून ठेवतात, आणि वणव्यानें ती होरपळली तरी बुंध्यापासून पुन्हां फुटते. जेथें लवकर आडोसा हवा तेथें निर्गुडीच्या फांद्या खोंचतात. तिला काटे नसले तरी गुरें तोंड लावीत नाहींत. शिवाय धान्यास कीड लागूं नये म्हणून तिचा पाला कणगींत घालतात.

या देशी मंडळींत युरोपीय लोकांच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर मोगली एरंड, घायपात व फड्या निवडुंग हे अमेरिकेचे पाहुणे आले. निवडुंगानें पुढें इतकीं रानें व्यापलीं कीं १९२६ सालीं श्रीलंकेंतून एक बारीक किडा आणून दक्षिण हिंदुस्थानांत त्याचा नाश करावा लागला. घाणेरीची कथा तर आपल्या म्हणीवरील भाष्यच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं शोभेसाठीं ती कलकत्त्यास आणली. फुलांचें कुंपण म्हणून ती पसरली, पक्ष्यांनीं तिचें बीं रानांत नेलें, आणि बांध ओलांडून ती कुरणें गिळूं लागली. तिच्या पाल्यानें गुरांस विषबाधा होते, ती निराळीच.

परंतु कुंपणानें शेत खाण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यांत झाडाचा कांहीं अपराध नसतो. काव्यांतील तीं इंग्रजी कुंपणें पाहा. १७५० ते १८५० या शतकांत पार्लमेंटनें हजारों कायदे करून गांवच्या सामाईक जमिनी खाजगी केल्या, आणि त्यांच्या सीमांवर अशीं कित्येक कुंपणें लागलीं. गरिबाची गाय चरावयाची ती जागा त्यांनीं बंद केली. आपल्या देशांतहि मिठावरील जकात चुकूं नये म्हणून सरकारनें सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारें २,३०० मैलांची सीमा आंखली, तीवर सुमारें १२,००० माणसें पहाऱ्यास ठेविलीं, आणि बऱ्हाणपुरापर्यंतच्या भागांत शक्य तेथें जिवंत कुंपण उभारलें. त्यांत बाभूळ, बोर, थोर व निवडुंग यांच्या जोडीला आपली करवंदीहि होती. १८६७ पासून कांहीं वर्षें तें जोपासणारे अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेच पुढें १८८५ सालीं काँग्रेसच्या स्थापनेंत अग्रभागीं होते! १८७९ सालीं ती सीमा उठली. जी करवंदी कर्जतच्या बांधावर भाताची राखण करी, तिलाच तेथें गरिबाच्या तोंडचें मीठ अडविण्यास उभी केली होती. तेव्हां कुंपण कशाचें आहे याहून तें कोणासाठीं व कोणाविरुद्ध आहे, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तो प्रश्न आज या दोन तालुक्यांत पुन्हां उभा आहे. शहरवासीयांनीं घेतलेल्या जमिनींभोंवतीं तारेची जाळी व सिमेंटची भिंत येत आहे. भिंत आठ दिवसांत उभी राहते, छाटणी मागत नाहीं, हें खरें. परंतु वईच्या आंतली बाजू धन्याची असली तरी बाहेरची बाजू सर्वांची असे. त्या बाजूचीं करवंदें ठाकूर-कातकरी बायकांनीं खुडावीं, पानांच्या द्रोणांत भरून नेरळ-कर्जतच्या बाजारांत आणावीं, यांत धन्याचें कांहीं उणें होत नसे. गुरास अडवावें आणि माणसास कांहीं द्यावें, ही दोन्ही कामें एकाच झुडुपानें केलीं. नव्या जमीनदारांनीं भिंत घालण्यापूर्वीं एक पावसाळा थांबून बांधावर चार ओंजळी बीं पेरून पाहावें. शेत राखलें जाईल, आणि तें कुंपणाच्या पोटांतहि जाणार नाहीं.