छावणी गेली, वस्ती राहिली

अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी. परतवाडा तिच्यापासून दोन मैलांवर पडलेल्या हैद्राबाद कंटिंजंटच्या छावणीच्या आधारानें वाढला. १८५३ च्या तहानें निजामानें जिच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, तीच ही फौज. पलटणीमागें दाणेवाला, शिंपी, सुतार, सराफ, हिशेबनीस सारेच येतात. आपल्या ज्ञातीचीं पहिलीं घरेंहि अशींच आलीं, असें वडीलधारे सांगत आले. आपण येथील मूळचे नव्हे, हें सांगण्यास संकोच नको. या गांवांत मूळचा शोधूं गेल्यास फारसा कोणी सांपडावयाचा नाहीं. सदर बाजार, पेन्शनपुरा हीं नांवेंच बोलकीं आहेत.

१९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली. १९०५ सालीं एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीस जोडला गेला. फौज गेली, जिल्ह्याच्या ठाण्याचा मान गेला. आलेलीं माणसें मात्र परत गेलीं नाहींत. त्यांना धरून ठेवण्यांत मेळघाटच्या सागाचा मोठा वांटा होता. डोंगरांतून उतरणारें लाकूड येथल्याच बाजारांत येई, म्हणून बेताच्या मिळकतीच्या माणसानेंहि घरास खांब-तुळया सागाच्याच घातल्या. मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तसा खांब आतां नव्यानें मिळणें कठीण.

तोच साग आज घरांच्या मुळावर आला आहे. भावांच्या वाटण्या होतात, मुलें पुण्यास नाहीं तर नागपुरास राहतात, घर शाकारावयास माणूस मिळत नाहीं, आणि जुन्या लाकडास मात्र रोख गिऱ्हाईक तयार असतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच आळींतील एक घर आठ दिवसांत उतरलें. खांब ट्रकवर चढले, माळ्यावरच्या मोडी वह्या रद्दींत गेल्या. आम्हांस खांबांपेक्षां वह्यांचें दुःख अधिक. कोणतें घराणें कोठून आलें, हें कदाचित् त्यांतच लिहिलेलें असेल.

घर पाडूं नका, असें आम्ही म्हणणार नाहीं. गळक्या छपराखालीं पावसाळे ज्यानें काढले, त्यालाच तें ठरवूं द्यावें. परंतु पाडण्यापूर्वीं मंडळास कळवावें. मोजमाप व छायाचित्रें घेण्यास दोन दिवस पुरतात. जेथें शक्य असेल तेथें पुढची ओसरी तशीच ठेवून परसाकडे नवें स्वयंपाकघर व न्हाणी बांधावी. तिघा बंधूंनीं असें केलें आहे, आणि डासांखेरीज त्यांची कांहीं तक्रार ऐकिवांत नाहीं. जुन्या सनदा, खरेदीखतें, खातेवह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनीं त्या रविवारीं सकाळीं मंडळांत आणाव्या. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ तेथें बसतात. कागद पाहून त्याच दिवशीं परत केले जातात.