हंगामाबाहेरची फळे



इसवी सन १३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला. त्या नगरीचे वर्णन करताना तो एक लहानशी गोष्ट नमूद करून ठेवतो. ती ही की, येथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा पिकतात. दौलताबाद काय किंवा आमचे केज काय, दोन्ही एकाच मराठवाड्यातली. पाण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच. अशा भूमीत झाडाकडून वर्षाला दोन पिके घेणारे ते माळी कोण होते? त्यांची नावे प्रवाशाने लिहिली नाहीत, आणि आपणही राखली नाहीत. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. हंगामाबाहेर फळ आणण्याची विद्या कशी वाढली, आणि ती वाढवण्याचा भार कोणी वाहिला?

थंड देशांत ही विद्या प्रथम राजांच्या हौसेतून आली. रोमचा बादशहा टायबेरियस ह्याला काकडी बारमाही हवी असे. त्याचे माळी चाकांवरच्या वाफ्यांत वेल लावून ते उन्हात ढकलीत, आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवीत, असे प्लिनीने लिहिले आहे. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी ह्या उद्यानपालाने १६७८ ते १६८३ ह्या वर्षांत व्हर्सायची शाही बाग उभारली. घोड्याच्या ताज्या लिदीची ऊब, काचेची झाकणे आणि उंच भिंतींचा आडोसा एवढ्या साधनांवर तो मार्चअखेरीस राजाच्या ताटात स्ट्रॉबेरी वाढवी. एखादे वर्षी पीक बुडाले, तर ते राजाच्या खर्चाने बुडे.

इंग्लंडात ह्या हौसेला संस्थेचे रूप आले. १८०४ साली लंडनला उद्यानविद्येची एक संस्था निघाली. ती प्रदर्शने भरवी आणि उत्तम फळांना पदके देई. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी होता. तो तेथे मुख्य माळी झाला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. मॉरिशसहून आलेली एक ठेंगणी केळ त्याने उबदार काचघरात वाढवली. ती १८३५ च्या नोव्हेंबरात व्याली, आणि तिच्या घडास संस्थेचे पदक मिळाले. धन्याच्या कॅव्हेंडिश ह्या कुलनामावरून त्या केळीचे नाव पडले. आपल्या जळगावची बसराई केळ त्याच कॅव्हेंडिश कुळातली आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

तथापि ही विद्या सामान्यांच्या दारी आली ती पदकांमुळे नव्हे. इंग्लंडात १७४६ पासून काचेवर जकात होती, आणि ती वजनावर आकारली जाई. १८४५ साली ती रद्द झाली, काच स्वस्त झाली, आणि मध्यम वर्गाच्या परसातही काचघर दिसू लागले. सरकारने माळ्याला काही दिले नाही. त्याच्या वाटेतला एक धोंडा तेवढा दूर केला. त्याच पॅक्स्टनने पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी प्रचंड काचमहाल उभा केला.

आता आपल्याकडे वळू. थंड देशात हिवाळा झाडाला झोपवतो आणि वसंत त्याला उठवतो. आपल्याकडे असा कडक हिवाळा नाही; म्हणून डाळिंब, मोसंबी, पेरू ही झाडे थोडीथोडी सदाच फुलत राहतात, आणि बाजारास पुरेल असे पीक एकदम हाती येत नाही. मग माळीच हिवाळ्याचे काम करतो. तो पाणी तोडतो. महिना-दीड महिना ताण बसला की पाने पिवळी पडून गळतात. त्यानंतर जमीन हलवून, शेणखत घालून तो पाणी सोडतो, आणि झाड फुलांनी भरते. हिवाळा सरता धरला तर आंबे बहार, पावसाच्या तोंडी मृग बहार, पाऊस ओसरताना हस्त बहार. द्राक्षाचेही तसेच. थंड देशात वेल वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी. त्यामुळे युरोपातले वेल उघडेबोडके असतात त्या दिवसांत नाशिकची द्राक्षे जहाजांतून हॉलंड-इंग्लंडास जातात. जे फळ लिदीच्या आणि कोळशाच्या उबेने पिकवावे लागे, ते आता दख्खनच्या उन्हात पिकून तेथे पोचते.

परंतु ताण ही दुधारी सुरी आहे. कमी पडला तर फूल नाही. अधिक झाला तर झाड नाही. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सारा बेत मोडतो. शिवाय ताण तोडताना विहिरीत पाणी हवेच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण २०१६ साली आटले, आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्याने त्या वर्षी नवा प्रयोग केला असेल, त्याच्या पाठीशी कोणी लुई राजा किंवा ड्यूक नव्हता.

भार वाटून घेतल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा ह्यांनी १९३६ साली आळंदी जातीतून निवडलेले डाळिंब पुढे 'गणेश' ह्या नावाने महाराष्ट्रभर पसरले. ती निवड करताना वाया गेलेल्या रोपांचा खर्च कोणा शेतकऱ्याच्या माथी बसला नाही. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांच्या लागवडीस अनुदान मिळू लागले, तेव्हा कोरडवाहू गावांतही बागा उभ्या राहिल्या.

उत्तेजन देणे म्हणजे यशस्वी बागायतदाराच्या गळ्यात हार घालणे, अशी आपली समजूत झाली आहे. ते जरूर करावे. परंतु फसलेल्या प्रयोगाचे काय? शाळेत नापास मुलाचे नाव आम्ही हजेरीपटावरून खोडीत नसू; तो कोठे अडला ते पाहत असू. त्याच न्यायाने प्रत्येक गावी बहाराची एक नोंदवही असावी. पाणी कधी तोडले, पाऊस कधी आला, झाड का गेले, हे तीत लिहावे, आणि प्रयोग करणाऱ्याचे नावही लिहावे. ज्याचे नुकसान होईल त्यात गावाने व सरकारने वाटा उचलावा. असे झाले, तर सातशे वर्षांनी येणाऱ्या प्रवाशाला आपल्या माळ्यांची नावे विचारता येतील, आणि आपल्याला ती सांगता येतील.