शरणपूरहून राबाईला

नाशिकच्या आमच्या शरणपुरात जुनी माणसं काळ सनावरून मोजत नसत. ‘दुष्काळात’, ‘प्लेगच्या वर्षी’ असं म्हणत, आणि त्याही आधीचं काही सांगायचं असलं की ‘हबशी पोरं होती तेव्हा’. आजीने हे तिच्या आजीकडून ऐकलेलं. पोरं सुतारकाम, लोहारकाम शिकायची आणि रविवारी देवळात मराठी गाणी खुल्या गळ्याने म्हणायची. एक पोर म्हणे रात्री झोपेत कुणाला तरी हाका मारायचं. ती भाषा कुणालाच कळत नसे, तरी शेजारच्या बाया उठून त्याला थोपटत बसत.

अलीकडे एका विद्यापीठात संध्याकाळी आफ्रिकी माणसांच्या विखुरण्यावर आणि त्यांच्या धर्मांवर व्याख्यान ऐकलं. ब्राझीलमधल्या कांदोंब्लेवर, योरुबांचे ओरिशा गुलामीत कॅथलिक संतांच्या आड कसे टिकले यावर, हैतीतल्या वोडूवर वक्त्या तन्मयतेने बोलल्या. अटलांटिक असा भरून वाहिला. हिंदी महासागर अखेरीस आला, त्यात मलिक अंबर आणि सिद्दी येऊन गेले. नाशिक आलंच नाही. ते मनाला लागलं. वक्त्यांना बोल लावत नाही. ही गोष्ट आम्हीच घराबाहेर नेली नाही.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अडवत असे. सुटलेल्या लेकरांची गावं उजाड झालेली, आईबापांचा पत्ता नाही. त्यातली बरीच मुंबई बंदरात उतरवली गेली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांच्या शरणपुरात त्यांना छप्पर मिळालं, अक्षर मिळालं, हातात कसब आलं आणि बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नावं आली. याओ जमातीतला चेंगविम्बे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. हा धर्म त्यांनी निवडला होता का? पोरक्या लेकराला निवड कसली! ख्रिस्ती घरात वाढलो म्हणून हा प्रश्न मी टाळणार नाही. पण मोठेपणी त्या धर्माचं त्यांनी काय केलं, हेही बघायला हवं.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी, मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले. त्यांच्या तांड्यात नाशिकची पोरं होती. लिव्हिंग्स्टनचं काळीज झाडाखाली पुरलं तेव्हा प्रार्थना वाचली त्या पोरांतल्याच जेकब वेनराइटने आणि खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. शव वाळवून, सालीत गुंडाळून ही माणसं महिनोन्महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्याला पोचली. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. त्याच वाटचालीतला वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. तेव्हा माझी आजी पाटी घेऊन शाळेत जात होती. इतकी अलीकडची ही गोष्ट आहे.

पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावाने मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसलं. ते उभारायलाही प्राइसच गेले आणि नाशिकला शिकलेली माणसं तिथे कामाला लागली. त्या वस्तीतल्या जेम्स म्बोटेला यांनी बापाच्या तोंडची गुलामीची कहाणी स्वाहिलीत लिहून ठेवली; १९३४ मध्ये तिचं पुस्तक झालं. आमच्याकडे आजीच्या पिढीबरोबर किती गेलं, याचा विचार आला की जीव तुटतो.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो विल्यम हेन्री जोन्स. हाही याओ, हाही गलबतातून सुटलेला आणि नाशिकला वाढलेला. १८६०च्या दशकात तो मोंबासामागच्या टेकड्यांत, राबाईच्या मिशनात गेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि नाशिकच्याच इश्माएल सेमलरला धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागे राहिलेला तांडा सांभाळून परत राबाईला आणला तो जोन्सने.

पण खरी कसोटी राबाईतच होती. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम रातोरात टेकडी चढून मिशनात येत. मालक ‘आमचा माल परत करा’ म्हणून धमकावत, आणि पळपुट्यांना ठेवून घेऊ नये असं गोऱ्या वरिष्ठांचंही म्हणणं होतं. पण राबाईत त्यांना थारा मिळत राहिला. झोपड्या वाढत गेल्या. माणसं जमीन कसू लागली, देवळात बसू लागली. अखेर १८८९ उजाडताना ब्रिटिश कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना पैसे मोजून सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे कागद दिले. तोवर कागद नसलेल्या त्या माणसांचा राबाईतला पाळक जोन्स होता, आणि गलबताच्या पोटातला अंधार त्याने स्वतः पाहिलेला होता.