खानदेशातील बाष्पशक्ती आणि उष्णतेची एकके

खानदेशातील बाष्पयुगाचा आर्थिक इतिहास लिहिताना किती कोळसा जळला एवढे पाहून भागत नाही. त्याची उष्णता कोणत्या एककात मोजली, हेही पाहावे लागते. भुसावळची रेल्वे, अमळनेरची प्रताप मिल व धुळ्याची न्यू प्रताप मिल ज्या यंत्रपरंपरेत उभ्या राहिल्या ती ब्रिटिश होती. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढविणारी उष्णता, म्हणजेच ब्रिटिश औष्मिक एकक, हे त्या परंपरेचे माप होय. हे एकक ७७२ फूट-पौंड कार्याच्या तुल्य असल्याचे जूल याने १८५० साली दाखविले. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. फ्रान्समध्ये रूढ झालेली किलोकॅलरी मात्र किलोग्रॅम व सेल्सिअस यांवर आधारलेली आहे.

दर पौंडास ९,००० ब्रिटिश एकके देणारा कोळसा दर किलोग्रॅमला ५,००० किलोकॅलरी देतो. येथे वजनांचा भेद भागाकारात नाहीसा होतो व केवळ अंशांचे ९:५ हे प्रमाण शिल्लक राहते. एककाकडे दुर्लक्ष करणाऱ्या अभ्यासकास मात्र कोळशाची प्रत जवळजवळ निम्म्याने घसरल्याचा भास होईल, आणि त्यावर रचलेले कार्यक्षमतेचे सर्व निष्कर्ष कोसळतील.

१९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेसाठी जूल हे एकक स्वीकारले. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि १९७६ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय एककपद्धतीस अधिष्ठान मिळाले. तरीही भट्टीच्या हिशेबातून किलोकॅलरी गेली नाही. भुसावळनजीक दीपनगर येथे १९६८ साली औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. अशा केंद्रांची कार्यक्षमता दर युनिट विजेमागे लागणाऱ्या किलोकॅलरींवरून ठरते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. ते निर्माण करण्यास २,५०० किलोकॅलरी खर्च झाल्या, तर कार्यक्षमता ३४.४ टक्के होय. १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेली कोळशाची प्रतवारीही किलोकॅलरीतच आहे. किंमत व करार ज्या मापात बांधले जातात, ते माप केवळ कायद्याने हटत नाही, असे यावरून दिसते.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली उभारलेल्या १२५ मेगावॅटच्या सौर प्रकल्पात इंधनच नाही. तेथे हिशेब थेट युनिटचा. म्हणून या दोन जिल्ह्यांतील ऊर्जेची तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम सर्व आकडे जूलमध्ये आणावेत. मात्र मूळ एककाची नोंद पुसू नये, कारण ते एककही इतिहासाचे साधनच आहे.